भाताची माती कधी काढायची, चुडात काय बघायचं

मुरबाडच्या आमच्या पट्ट्यात भाताचे भारे खळ्यावर आले की खाचराकडे कुणी फिरकत नाही. माती तपासायला द्यायची खरी वेळ तीच. जमीन वाळलेली असते, शेणखत अजून पडलेलं नसतं. पौष पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा भरते, त्याआधी नमुना काढून ठेवा. पुढे राब भाजायची, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायची, घाई लागली की राहूनच जातं.

खाचराचा नमुना वेगळा, वरकसचा (उताराच्या हलक्या जमिनीचा) वेगळा. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी धसकटं बाजूला सारून वीतभर खोल खड्डा घ्या. आतली सुटी माती फेकून द्या आणि खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरून खालपर्यंत तासून घ्या. बांधालगत, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी नको. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा, गंजलेलं लोखंड जवळ आणू नका. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. युरियाच्या गोणीत तर अजिबात नको. गट नंबर आणि पुढचं पीक लिहून सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (आधीचे कृषी सहायक) द्या.

2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 आकडे असतात. मी आधी सामू (माती आंबट की खारट ते सांगणारा पीएच), सेंद्रिय कर्ब आणि जस्त बघते. खाडीकाठच्या खार जमिनीवाल्यांनी क्षार आधी बघावेत. जस्त कमी असलं की आवणीनंतर, म्हणजे रोपं लावल्यावर, पानांवर तांबूस ठिपके येतात, रोप खुंटतं, आणि लोक रोग समजून फवारणी करतात. पैसा जातो, जस्त तेवढंच राहतं.

आता किडी. खोडकिड्यासाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने पतंग ओढणारे) पुरतात. ते फक्त नर पतंग धरतात, म्हणजे कीड आल्याची खबर देतात, बंदोबस्त करत नाहीत. मादी पानाच्या शेंड्याकडे अंडी घालते, वर पिवळट केसांचं आवरण असतं. म्हणून आवणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडून टाकावेत. पुढे आठवड्यातून एकदा शेतात आडवंतिडवं फिरून वीस चुडांचे (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका म्हणजे चूड) फुटवे मोजा. सुकलेला गाभा ओढल्यावर अलगद हातात आला आणि खाली कुरतडलेला दिसला, तर तो खोडकिडा. दोनशे फुटव्यांत दहा गाभे मेलेले, म्हणजे 5 टक्के. तिथे उपाय करायचा. गादमाशी या दुसऱ्या किडीमुळे झालेला पोगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी दिसतो, तो या मोजणीत धरू नका.

तुडतुड्यांसाठी मात्र वाकावंच लागतं. बांधावरून भात हिरवंगार दिसतं आणि बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, तपकिरी किडे रस शोषत असतात. चूड हलकेच थोपटा, ते पाण्यावर पडतात. चुडामागे 5 ते 10 भरले तर आधी खाचरातलं पाणी काढा, युरियाचा हप्ता थांबवा. कोळीही मोजा, ते तुडतुडे खातात. शेजाऱ्याने औषध मारलं म्हणून आपणही मारलं की पहिले कोळी मरतात आणि तुडतुडे दुपटीने उसळतात. हे ज्याच्या शेतात गोल चट्टे पडून भात बसलंय त्याला विचारा.

औषध मारायचंच ठरलं, तर मोजलेला आकडा सहायक कृषी अधिकाऱ्याला सांगून औषध आणि प्रमाण लिहून घ्या, आणि नोझल बुंध्याकडे वळवा.