नदीकाठच्या वाड्याचा इतिहास-भूगोल जमवायचा तर

नगरपालिकेची स्मरणिका काढायची असते, देवस्थानचे वर्ष असते किंवा शाळेला प्रकल्प हवा असतो, आणि कोणीतरी म्हणते, "आपल्या वाड्याचा इतिहास लिहूया." मग मंडळी थेट परशुरामापासून सुरुवात करतात, कदंबांवरून पोर्तुगीजांवर येतात आणि वाडा, म्हणजे आपली वस्ती, शेवटच्या पानावर उरतो. गोव्यातल्या नदीकाठच्या वस्तीसाठी हा क्रम उलटा लावावा. पाणी कुठवर येते, कुठे अडवले आहे आणि कोरडी जमीन कुठून सुरू होते, हे आधी कागदावर आणा. दप्तरातले कागद त्यानंतर उघडा, म्हणजे ते बोलू लागतात.

हद्द ठरवणे हे पहिले काम. इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण पालिकेचा प्रभाग हद्द म्हणून धरला जातो. प्रभागांची फेररचना निवडणुकीगणिक होऊ शकते, क्रमांकही बदलतात. इतिहासाला त्याचा उपयोग नाही. महसुली गाव, कोमुनिदादची (गावकरी संस्थेची) जमीन, देवस्थानची किंवा चर्चची वांगड (घराण्यांचा गट) आणि लोकांच्या तोंडी असलेला वाडा या चार हद्दी एकाच नकाशावर चार रंगांत काढा. त्या जुळणार नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच बहुधा काहीतरी घडलेले असते: नदीने पात्र बदललेले, भराव पडलेला, रस्ता आडवा गेलेला. आधारनकाशा म्हणून भूसर्वेक्षण खात्याचा सर्व्हे प्लॅन घ्या. गावात सर्व्हे नंबरावर एक-चौदाचा उतारा मिळतो. शहरी सर्व्हे झालेल्या भागात पी. टी. शीट (मोजणीचा नकाशा) आणि चालता नंबर लागतो, व उताऱ्याच्या जागी फॉर्म डी येतो. ही दोन्ही कागदपत्रे गोवा मुक्तीनंतरची. त्यापूर्वीची मालकी शोधायची तर पोर्तुगीज भूनोंदणीचे डिस्क्रिप्शन आणि घरपट्टीचे मात्रीझ बघा. त्यांत चतुःसीमा शब्दांत लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याची माडांची बाग, पश्चिमेस नदी. 'पश्चिमेस नदी' असलेल्या जागेच्या पश्चिमेला आज घरे दिसली, तर भराव कुठे झाला ते तुम्हाला आयते मिळाले.

आता पाण्याकडे. गोव्यातल्या नद्या मुखापासून बऱ्याच आतपर्यंत भरती-ओहोटीच्या आहेत. मांडवीत भरतीचा परिणाम पार गांज्यापर्यंत जाणवतो. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोजची वेळ आदल्या दिवसाहून सुमारे ५० मिनिटे उशिराची. छापील वेळापत्रक मुरगाव बंदराचे असते, आणि तुमचा वाडा जितका आत तितके पाणी उशिरा चढते. हा फरक अंदाजाने लिहू नका, मोजा. सरळ बांबूवर दर ५ सेंटिमीटरला रंगाची रेघ ओढा, धक्क्याच्या आडोशाला किंवा पुलाच्या खांबाला तो घट्ट बांधा आणि दर १५ मिनिटांनी वाचन घ्या. पूर्ण फेरा पकडायला १३ तास लागतात, तेव्हा दोन-तीन जणांनी पाळ्या लावाव्यात. सर्वांत वरच्या वाचनाची वेळ वजा मुरगावची वेळ, हा तुमच्या वाड्याचा उशीर. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी भरती सर्वांत मोठी असते, मोजणी तेव्हाच ठेवा. पावसाळ्यात हे मोजमाप घेऊ नये. वरून आलेल्या पुराच्या लोंढ्यात ओहोटी नीट दिसतच नाही.

काठ चालायचा तो ओहोटीला, जानेवारी ते मे या काळात. नोंदवायच्या गोष्टी: धक्क्याच्या पायऱ्या, चिऱ्याचा बांध, व्हाळाची (ओढ्याची) तोंडे, जुनी तार (नदी ओलांडायची होडी), मिठागराचे चौकोन आणि मानस (बांधातले पाण्याचे दार). मानशीजवळ मात्र थांबा आणि भरती फिरताना तिचे काम बघा. बांधात चिऱ्याच्या भिंती, त्यांमध्ये लाकडी झडपा. नदीचे पाणी चढू लागले की त्या दाबाने झडप आपोआप मिटते, खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटीला आतले पाणी जड ठरते, झडप उघडते, शेताचा निचरा होतो. माणसाचा हात फळ्या लावायला-काढायला आणि मासळीसाठी जाळे लावायलाच लागतो. त्या मासळीच्या हक्काची पावणी (लिलाव) होते, आणि पावणीचे जुने कागद सापडले तर वाड्याच्या अर्थकारणाची वर्षवार नोंदच हाती येते. झडपेची फळी कुजली, बांधाला खेकड्यांनी भोके पाडली आणि दुरुस्ती झाली नाही, की खाजन (बांधाने राखलेली सखल शेती) खाऱ्या पाण्याखाली जाते, काही वर्षांत तिथे खारफुटी माजते. त्यामुळे खारफुटी दिसली की 'पूर्वापार कांदळवन' असे लिहून मोकळे होऊ नका. झाडांच्या मुळाशी सरळ रेषेतले बांध, वाफ्यांचे कोपरे किंवा मानशीचे चिरे दिसले, तर ती पडीक टाकलेली शेती आहे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कोमुनिदादची पकड सैल झाली आणि बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे गेली. पुष्कळ बांधांची हेळसांड त्यानंतरची.

शेतजमिनीची नोंद करताना मोरड, केर आणि खाजन वेगळे लिहा. मोरड चढावर, केर मधला वाळूमिश्रित, खाजन तळाशी. सरदीचे (पावसाळी) पीक कुठे आणि वायंगणाचे (रब्बी) कुठे, तेही विचारा. खाऱ्या जमिनीत तगणारे कोरगूट भात कुठे पेरले जायचे हे सांगणारी माणसे अजून आहेत. जुनी घरे या शेतात सहसा नसतात. ती सड्याच्या (माथ्यावरच्या पठाराच्या) उतरणीच्या पायथ्याशी, भातजमिनीच्या वरच्या कडेला एका ओळीत असतात. ही ओळ नकाशावर एका रेघेत ओढून घ्या. तिच्याखाली जे बांधकाम आहे ते भरावावरचे आहे, असे गृहीत धरून तपासायला लागा. अपवाद निघतील, पण थोडे.

पुराच्या खुणांना स्वतंत्र दिवस द्या. "गळ्याइतके पाणी आले होते" याला अर्थ नाही, कारण गळा कोणाचा आणि जमीन कुठली? भिंतीवरची खूण दाखवणारा माणूस मिळाला की पाण्याच्या नळीने उंची काढा. साधारण १० मिलिमीटर व्यासाची, २० मीटर लांबीची पारदर्शक प्लास्टिकची नळी आणि बादलीभर पाणी पुरते. बादलीत नळीचे टोक बुडवून दुसऱ्या टोकाने ओढून घ्या, नळी पूर्ण भरू द्या, बुडबुडे टिचक्या मारून काढा. मग दोन्ही टोके शेजारी धरा. पाणी एका पातळीत नसेल तर आत हवा अडकली आहे, पुन्हा भरा. नंतर एका टोकाचे पाणी खुणेवर आणा, दुसरे टोक कायम खुणेपाशी धरून तिच्यापासूनचे अंतर टेपने मोजा. नळीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत ठेवली तरी थोडा फरक पडतो, म्हणून हे काम सकाळी उरका. कायम खूण म्हणून देवळाचे जोते, खुरसाचा (क्रूसाचा) चौथरा किंवा जुन्या पुलाच्या कठड्याचा दगड घ्या. रस्ता घेऊ नका. दर हॉटमिक्सला (डांबरीकरणाला) तो चढतो, आणि मग १९८० च्या पुरापेक्षा कालचा पूर कमी होता असे खोटे गणित निघते.

पुराचे कारण एका शब्दात लिहू नका. पाऊस, भरतीची वेळ आणि वरच्या धरणाचा विसर्ग असे तीन रकाने ठेवा. साखळी हे याचे नमुनेदार उदाहरण. वाळवंटी फुगते, वर अंजुणे धरणातून पाणी सोडलेले असते, आणि बाजारपेठेत साठणारे पाणी पंपांनी नदीत फेकावे लागते. तिन्ही एका दिवशी जुळले की बाजार पाण्यात. एकच रकाना भरला असेल तर ती नोंद अर्धवट समजावी.

कागदपत्रांकडे वळताना एक प्रश्न आधी सोडवा: त्या काळी तुमची नदी सीमा होती का? तिसवाडी १५१० पासून पोर्तुगीजांकडे, बार्देस व सासष्टी १५४३ पासून. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे वगैरे नव्या काबिजादी (नंतर जिंकलेले प्रदेश) १७६३ ते १७८८ दरम्यान एकेक करून त्यांच्याकडे गेल्या. म्हणजे मधली दोनशेहून अधिक वर्षे कित्येक ठिकाणी एक काठ पोर्तुगीजांचा आणि समोरचा आदिलशाहीचा, पुढे मराठ्यांचा, सावंतांचा किंवा सौंदेकरांचा. पोर्तुगीजांच्या हद्दीतले देव पलीकडे गेले ते याच पाण्यावरून. दिवाडी बेटावरच्या नार्व्याचा सप्तकोटेश्वर डिचोलीच्या नार्व्यात आला, मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला. अशा वाड्याचे कागद स्वतःच्या काठावर शोधून थकाल. अर्धे समोरच्या काठावरच्या देवस्थानात असतात. देवस्थानांच्या महाजनकीला (हक्कदार घराण्यांच्या कारभाराला) १८८६ साली सरकारी नियमावली लागू झाली, आणि नियमपत्रांतून महाजनांची कुळे, मूळ गाव, मालमत्ता असे सगळे येते.

पणजीचे पुराभिलेख खाते हे मुख्य ठिकाण. १५९५ साली दियोगु दु कोउतु याच्या हाती सोपवलेल्या दप्तरखान्याची ही परंपरा. जाताना 'आमच्या वाड्याबद्दल काहीही' अशी मागणी करू नका, हात हलवत परत याल. गावाचे पोर्तुगीज स्पेलिंग, कालखंड आणि विषय (बांध, पावणी, घाट, धर्मादाय) लिहून न्या. पोर्तुगीज कागदात 'श'साठी एक्स येतो, 'क'साठी बऱ्याचदा क्यू-यू, आणि शेवटचा एम म्हणजे अनुस्वार. एकाच गावाची तीन-चार स्पेलिंगे सापडतात. यादी करून सगळी शोधा. शासकीय बुलेटिन डिसेंबर १८३७ पासून आहे. रस्ते, पूल, तारीचे लिलाव, नेमणुका यांच्यासाठी ते सोन्याची खाण. त्याचे व जुन्या वर्तमानपत्रांचे अंक पणजीत पाट्यावरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बघता येतात. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १९१४ पासून मिळते. त्याआधीच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची पुस्तके आहेत. हिंदू कुटुंबांसाठी देवस्थानचे कीर्द-खतावणी आणि घरातले मोडी कागद हाच आधार.

मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा. तारखांचा हिशेब मात्र स्वतः शिका. शके असेल तर ७८ मिळवा, पौष ते फाल्गुनात जानेवारी उलटलेला असेल तर ७९. डिचोलीच्या नार्व्यात शिवाजी महाराजांनी सप्तकोटेश्वराचे देऊळ बांधायला घेतल्याचा शिलालेख शके १५९०, कार्तिकाचा आहे, म्हणजे १६६८. जुन्या मराठी दफ्तरात सुहूर सन दिसला तर जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि त्यापुढे मृगापर्यंत ६०० मिळवायचे. रकमांचेही तसेच. अश्रफी, तांगा, रुपी आणि १९५८ नंतर एस्कुदो. रुपीचे ६ एस्कुदो झाले. हे न पाहता दोन काळांतले खंड शेजारी मांडले की एका वर्षात खंड सहापट झाल्याचा साक्षात्कार होतो. भाताच्या खंडाची खंडी २० कुडवांची.

नावांचे सापळे वेगळेच. गोवा वेल्हा झुआरीकडे, वेल्हा गोवा मांडवीवर. केरी पेडण्यात, सत्तरीत आणि फोंड्यातही. सावर्डे कुडचड्याला लागून, आणि दुसरे सत्तरीत. नार्वे दोन, ते वर आलेच. १८४३ नंतरच्या कागदात नोव्हा गोवा म्हणजे पणजी. प्रत्येक नोंदीपुढे तालुका लिहिलाच पाहिजे.

पूल, बांध आणि रेल्वे यांना राजांपेक्षा जास्त जागा द्या. पणजी-रायबंदर जोडणारा लिन्यारिशचा चिऱ्याचा बांधरस्ता १६३० च्या दशकातला. त्याने मिठागरे आणि नदी यांच्यामधून कोरडी वाट काढली, आणि त्या काठाचा नकाशाच बदलला. सावर्डे-कुडचड्याकडे बघा: १८८० च्या दशकात मुरगावहून रेल्वे आली, नदी होतीच, पुढे खनिजाच्या बार्जी लागल्या. सप्टेंबर २०१२ ला खाणी थांबल्यावर धक्के ओस पडले, तेही इतिहासातच धरायचे.

वयस्कर माणसांकडे जाताना साल विचारू नका. मुक्तीच्या आधी की नंतर, जनमत कौलाच्या वेळी (१६ जानेवारी १९६७) तुम्ही शाळेत होता का, मांडवीचा पूल पडला (५ जुलै १९८६) तेव्हा इथे तार चालू होती का, असे विचारा. एकाच गोष्टीबद्दल दोन वेगळ्या घरांत विचारा, शक्य तर एक भाटकाराचे (जमीनमालकाचे) आणि एक मुंडकाराचे (त्याच्या जमिनीत घर असलेल्याचे) घर. दोघांच्या सांगण्यात फरक असेल तर दोन्ही छापा, मधला रस्ता काढू नका. मोजणीची टेप आणि सर्व्हे प्लॅन घेऊन मुंडकाराच्या दारात उभे राहिलात तर जमिनीचाच मामला आहे असे समजून दार मिटेल. पहिल्या भेटीला हात मोकळे ठेवून जा. चालू खटल्यातल्या जागेची मालकी छापायची नाही, जोण (कोमुनिदादच्या उत्पन्नातला वाटा) घेणाऱ्यांची किंवा महाजनांची हयात नावे तर मुळीच नाहीत.

लिहिताना पहिले प्रकरण चढउतार आणि पाणी, दुसरे शेती व मीठ, तिसरे वाटा, धक्के, बाजार, आणि देवस्थान-चर्च त्यानंतर. राजवटी एका पानात बसतात. मसुदा मे अखेर तयार ठेवून पुराचे प्रकरण मोकळे सोडा. ते एका पावसाळ्यात प्रत्यक्ष तपासून ऑक्टोबरात भरा. नकाशांच्या प्रती, नळीच्या वाचनांची वही आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण पालिकेच्या किंवा पंचायतीच्या वाचनालयात एक संच आणि कृष्णदास शामा ग्रंथालयात एक संच असे ठेवा. कायम खुणेचा फोटो व तिचे वर्णन वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवा, नाहीतर पुढच्या पुराला मोजायला येणाऱ्याला शून्य कुठले ते कळणार नाही.