जहाजाच्या उत्सर्जनाचा हिशेब ठेवताना या चुका टाळा

निफाड, दिंडोरी आणि पिंपळगावची द्राक्षे न्हावा-शेवाहून रेफर म्हणजे शीत कंटेनरमधून रॉटरडॅमकडे निघतात, तेव्हा निर्यातदाराच्या हाती येणाऱ्या भाड्याच्या बिलात २०२४ पासून अनेकदा युरोपीय ईटीएसच्या (उत्सर्जनाच्या टनामागे परवाने घ्यायला लावणाऱ्या व्यवस्थेच्या) अधिभाराची एक वेगळी ओळ दिसते. या ओळीच्या मागे जहाजाने रोज जाळलेल्या इंधनाच्या नोंदी असतात. त्या नोंदी जहाजावर चीफ इंजिनियर करतो आणि किनाऱ्यावरच्या कार्यालयात त्या तपासून अहवालात घातल्या जातात. हे किनाऱ्यावरचे काम आता नाशिकमध्ये बसूनही करता येते, आणि नाशिक जिल्ह्यातली मुलेही मर्चंट नेव्हीत जातात. हा लेख या दोन्ही बाजूंच्या वाचकांसाठी आहे.

नियमांची चौकट थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची म्हणजे आयएमओची डीसीएस ही इंधनवापर नोंदवण्याची व्यवस्था १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे. ती ५,००० ग्रॉस टनेज (जहाजाच्या अंतर्गत आकारमानाचे माप) आणि त्याहून मोठ्या जहाजांच्या जगभरच्या सर्व आंतरराष्ट्रीय प्रवासांना लागते. युरोपीय बंदरांशी संबंधित प्रवासांसाठी २०१८ पासून एमआरव्ही म्हणजे उत्सर्जनाचे मापन, अहवाल आणि पडताळणी यांची व्यवस्था आहे, त्यावर २०२४ पासून ईटीएस आली आणि २०२५ पासून जहाजाच्या इंधनामागच्या हरितगृह वायूंवर मर्यादा घालणारा फ्युएलईयू मेरिटाइम हा आणखी एक नियम आला. नियम चार असले तरी चारही हिशेब एकाच इंधनाच्या नोंदींवर उभे राहतात. म्हणूनच मूळ नोंद चुकली की ती चूक चारही ठिकाणी पोहोचते आणि कितीही महागडे सॉफ्टवेअर घेतले तरी तिथे ती दुरुस्त होत नाही.

टाकीतले तेल मोजताना

सर्वांत जास्त चुका इथे होतात, असे माझे ठाम मत आहे. जड इंधन टाकीत गरम ठेवलेले असते, पण बंकर म्हणजे जहाजात भरलेल्या इंधनाच्या पावतीवर, बंकर डिलिव्हरी नोटवर, छापलेली घनता १५ अंश सेल्सिअसची असते. साउंडिंग घेऊन म्हणजे टाकीतल्या तेलाची पातळी मोजून आलेल्या घनमीटरला थेट त्या घनतेने गुणले, तर वजन फुगून येते. उदाहरणार्थ, १५ अंशाला ०.९९०० घनता असलेले ५०० घनमीटर तेल ५० अंश तापमानाला असेल, तर सरळ गुणाकाराने ४९५ टन येतात, पण तापमानाची दुरुस्ती केल्यावर वजन सुमारे ४८३ टन भरते. हा १२ टनांचा फरक कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण ३७ टनांचा होतो, आणि तो केवळ एका टाकीचा असतो. त्यामुळे साउंडिंगच्या प्रत्येक नोंदीसोबत टाकीचे तापमान, जहाजाचा ट्रिम (पुढे-मागे कल) आणि लिस्ट (बाजूचा कल) लिहिलेली हवी. यांपैकी एकही रकाना रिकामा असेल, तर कार्यालयाने ती नोंद स्वीकारू नये.

बंकर घेताना तेलात हवा मिसळली गेली, तर टाकीत फेस होतो, पातळी वर दिसते आणि काही तासांनी ती खाली बसते. इंधन पुरवणारी बार्ज निघून गेल्यावर हे लक्षात आले, तर कागदावर भरलेले आणि टाकीत असलेले यांत कायमचे अंतर पडते. यावर उपाय म्हणून बंकरच्या आधी आणि नंतर जहाज व बार्ज या दोहोंच्या टाक्यांचे साउंडिंग घ्यावे, तेल स्थिरावल्यावर पुन्हा घ्यावे आणि फरक आढळल्यास निषेधपत्र देऊन त्याची प्रत बंकर डिलिव्हरी नोटसोबत ठेवावी. ती नोट जहाजावर तीन वर्षे ठेवणे मार्पोल या सागरी प्रदूषणविरोधी करारानुसार बंधनकारक आहे.

इंधनाचे नाव एक, गुणक दुसरा

एक टन इंधन जाळल्यावर किती कार्बन डायऑक्साइड निघतो, याचे ठरलेले गुणक आहेत. जड इंधनासाठी ३.११४, हलक्या इंधनासाठी ३.१५१, डिझेल व गॅस ऑइलसाठी ३.२०६ आणि एलएनजीसाठी २.७५० असे ते आहेत. २०२० मध्ये गंधकाची जागतिक मर्यादा ०.५० टक्क्यांवर आल्यापासून बाजारात ‘व्हीएलएसएफओ’ (अतिकमी गंधकाचे इंधन) हे नाव रूढ झाले. मात्र हे नाव फक्त गंधकाचे प्रमाण सांगते, गुणक सांगत नाही. गुणक सागरी इंधनाच्या आयएसओ ८२१७ या मानकातल्या ग्रेडवरून ठरतो: आरएमए ते आरएमडी असेल तर हलके इंधन आणि आरएमई ते आरएमके असेल तर जड इंधन. कार्यालयात मात्र सगळ्या व्हीएलएसएफओला सरसकट ३.११४ लावलेला आढळतो. प्रत्येक बंकरच्या नोटवरचा ग्रेड वाचूनच इंधनाचा प्रकार निवडावा.

जैवइंधन मिसळलेल्या तेलाबाबत अधिक सावध राहावे लागते. शाश्वततेचे प्रमाणपत्र हाती नसेल, तर फ्युएलईयूच्या हिशेबात ते जीवाश्म इंधनाइतकेच धरले जाते आणि त्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया जातात. हे प्रमाणपत्र पुरवठादाराकडून उशिरा येते, म्हणून ते वर्षअखेरीला मागण्याऐवजी बंकरच्या करारातच त्याची अट घालावी. एलएनजीवर चालणाऱ्या जहाजांत न जळता निसटणाऱ्या मिथेनची नोंद एमआरव्हीत २०२४ पासून आवश्यक आहे आणि २०२६ च्या उत्सर्जनापासून ईटीएसमध्ये त्याचेही परवाने द्यावे लागतात.

प्रवास नेमका कुठून कुठे

युरोपीय हिशेबात युरोपबाहेरून आलेल्या किंवा बाहेर गेलेल्या प्रवासाचे ५० टक्के उत्सर्जन ईटीएसमध्ये धरले जाते, तर युरोपीय बंदरांमधल्या प्रवासाचे आणि तिथे धक्क्यावर उभे असतानाचे पूर्ण १०० टक्के. न्हावा-शेवा ते रॉटरडॅम निम्मे, रॉटरडॅम ते हॅम्बुर्ग पूर्ण आणि रॉटरडॅम ते लंडन गेटवे पुन्हा निम्मे, कारण ब्रिटन आता युरोपीय संघात नाही. नॉर्वे आणि आइसलँड मात्र संघात नसूनही या व्यवस्थेत आहेत. नवे सहकारी बंदरांची यादी मनानेच ठरवतात आणि नेमके इथेच घसरतात.

याहून गंभीर चूक म्हणजे निम्म्याचा नियम मूळ नोंदीलाच लावणे. जहाजाने त्या प्रवासात ९०० टन इंधन जाळले असेल, तर एमआरव्हीत ९०० टनच लिहायचे असतात. निम्मे करण्याची पायरी परवाने मोजताना येते. ४५० टन लिहिले, तर अहवाल पडताळणीत अडकतो, आणि अडकलाच पाहिजे.

‘पोर्ट ऑफ कॉल’ची व्याख्या नीट वाचलेली नसेल, तर पैशांचा थेट फटका बसतो. माल किंवा प्रवासी चढवण्या-उतरवण्यासाठी जहाज थांबले तरच ते पोर्ट ऑफ कॉल ठरते. केवळ बंकर घेण्यासाठी, रसदीसाठी, दुरुस्तीसाठी किंवा वादळात आसरा घेण्यासाठी थांबलेले बंदर त्यात येत नाही. न्हावा-शेवाहून निघालेले जहाज फक्त बंकरसाठी स्पेनमधल्या अल्हेसिरासला थांबून रॉटरडॅमला गेले, तर प्रवास न्हावा-शेवा ते रॉटरडॅम असाच धरावा. अल्हेसिरास ते रॉटरडॅम हा युरोपांतर्गत प्रवास दाखवला, तर त्या टप्प्याचे परवाने दुप्पट भरावे लागतात. याच्या उलट, कंटेनर जहाज मोरोक्कोतल्या टँजर मेड किंवा इजिप्तमधल्या ईस्ट पोर्ट सैदला थांबले आणि तिथून नवा प्रवास सुरू झाला असे दाखवले, तर उत्सर्जन कमी दिसते. हे चालत नाही, कारण ही दोन बंदरे कंटेनर जहाजांसाठी पोर्ट ऑफ कॉलच्या व्याख्येतून मुद्दाम वगळलेली आहेत. ओमानमधल्या सलालाहला प्रत्यक्ष माल चढला-उतरला असेल, तर न्हावा-शेवा ते सलालाह हा टप्पा युरोपीय हिशेबात येत नाही, पण डीसीएसमध्ये येतोच. म्हणून दोन्ही व्यवस्थांची बेरीज सारखी यावी असा आग्रह धरणे चुकीचे आहे.

वेळेचा घोळ

जहाजाची स्थानिक वेळ, यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ आणि नाशिकची घड्याळे या तीन वेळा एकाच तक्त्यात मिसळल्या की तासांचा हिशेब बिघडतो. यूटीसीनुसार ३१ डिसेंबरची मध्यरात्र होते, तेव्हा नाशिकमध्ये १ जानेवारीच्या पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. वर्षाची सीमा प्रवासाच्या मध्ये आली, तर त्या क्षणाची इंधनाची शिल्लक जहाजाकडून वेगळी मागवून ठेवावी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती मागितली, तर अंदाजच हाती येतो. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे घेतलेल्या दिवशी एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत २५ तास भरतात, पूर्वेकडे येताना २३. नून रिपोर्टमध्ये, म्हणजे जहाजाच्या रोज दुपारच्या अहवालात, सगळे दिवस २४ तासांचे गृहीत धरले, तर वेग आणि दररोजचा वापर दोन्ही चुकीचे दिसतात आणि निर्दोष नोंदीवर विनाकारण शंका घेतली जाते.

राहून जाणारे इंधन आणि रेफरची नोंद

मुख्य इंजिनाचा वापर कोणी विसरत नाही. बॉयलर, इनर्ट गॅस जनरेटर आणि नांगरावर उभे असताना चालणारी जनरेटर यांचे इंधन मात्र निसटते. कंटेनर जहाजावर द्राक्षांसारखा माल थंड ठेवण्यासाठी लागणारी वीजही याच जनरेटरांतून येते. सीआयआय ही जहाजाच्या कार्बन-कार्यक्षमतेची ‘ए’ ते ‘ई’ अशी वार्षिक श्रेणी काढताना रेफरसाठी लागलेल्या विजेची वजावट मिळते, पण त्यासाठी रेफरची दैनंदिन नोंद किंवा वेगळ्या मीटरचे आकडे लागतात. ही नोंद नसल्यामुळे एखादे जहाज ‘सी’वरून ‘डी’वर घसरणे सहज शक्य आहे, आणि सलग तीन वर्षे ‘डी’ किंवा एक वर्ष ‘ई’ मिळाल्यास सुधारणेचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो.

आकडे बसवू नका

प्रवासाच्या शेवटी करायचा ताळा सोपा आहे. सुरुवातीची शिल्लक, त्यात घेतलेले बंकर मिळवा, जहाजावरून परत दिलेले तेल वजा करा, शेवटची शिल्लक वजा करा. उरेल तो वापर. हा आकडा नून रिपोर्टच्या बेरजेशी जुळायला हवा. व्यवहारात तो अगदी तंतोतंत क्वचितच जुळतो, कारण साउंडिंग आणि फ्लो मीटर या दोहोंना आपापली अनिश्चितता असते. अशा वेळी शेवटच्या दिवसाच्या वापरात फरक टाकून बेरीज बरोबर करून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी मुरलेली आहे. मला या साऱ्या कामातली ही सर्वांत घातक सवय वाटते. त्या एका फेरफाराने खरी चूक झाकली जाते. ती चुकीचे तापमान असेल, मीटरचे संपलेले कॅलिब्रेशन असेल किंवा बंकरमधली तूट असेल; ती पुढच्या प्रवासातही तशीच चालू राहते. पडताळणी करणाऱ्याला नीट समजावलेला फरक चालतो. त्याला संशय येतो तो महिनोन्‌महिने शून्य फरक दाखवणाऱ्या जहाजाचा.

एखाद्या दिवसाची नोंद मिळालीच नाही, तर आदल्या दिवसाचा आकडा उतरवू नये. निरीक्षण आराखड्यात अशा खंडासाठी जी पद्धत लिहिलेली असते तीच वापरावी आणि तसा शेरा द्यावा. त्याच आराखड्यात इंधन मोजण्याची पद्धतही ठरलेली असते: बंकर नोट आणि साठा, टाकीचे मापन, फ्लो मीटर किंवा थेट उत्सर्जन मापन. मीटर बिघडला म्हणून टाकीच्या मापनावर यावे लागले, तर आराखड्यात पर्यायी पद्धत आहे का ते पाहावे, नसल्यास सुधारित आराखडा मंजुरीसाठी पाठवावा.

तारखा आणि माणसे

फ्युएलईयूचा जहाजनिहाय अहवाल ३१ जानेवारीपर्यंत पडताळणीसाठी द्यावा लागतो. एमआरव्हीचा पडताळलेला अहवाल आणि डीसीएसची माहिती मार्चअखेरीपर्यंत जायला हवी आणि ईटीएसचे परवाने ३० सप्टेंबरपर्यंत जमा करायचे असतात. २०२४ च्या उत्सर्जनासाठी ४० टक्के, २०२५ साठी ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण १०० टक्के अशी ती चढण आहे. कमी पडलेल्या प्रत्येक टनामागे किमान १०० युरो दंड होतो आणि दंड भरूनही परवाने द्यावेच लागतात.

चीफ इंजिनियर काही महिन्यांनी करार संपवून घरी जातो. ऑगस्टमधल्या साउंडिंगबद्दलचा प्रश्न फेब्रुवारीत विचारला, तर उत्तर देणारा माणूस जहाजावर नसतो आणि नव्या माणसावर जुन्या आकड्यांचा भार येतो. म्हणून नून रिपोर्टमधली शंका त्याच दिवशी, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, साध्या आणि आदराच्या शब्दांत विचारावी. इंजिनरूमच्या उकाड्यात पहाऱ्यावर असलेल्या माणसाला लांबलचक ई-मेल वाचायला वेळ नसतो, त्यामुळे एका पत्रात एकच प्रश्न असावा. पदभार बदलताना दोन्ही चीफ इंजिनियरांनी मिळून घेतलेले सर्व टाक्यांचे साउंडिंग, तापमानांसह आणि दोघांच्या सह्यांनिशी, त्याच दिवशी कार्यालयाकडे यावे आणि कार्यालयाने ते नून रिपोर्टमधल्या शिल्लकेशी तिथल्या तिथे ताडून पाहावे.