शिवणीच्या लाकडातली ‘लॉरा’: आइची ई११ए१ चं १/७२ मॉडेल

शत्रूच्या ताफ्यावर रात्री नजर ठेवण्यासाठी जपानी नौदलाने १९३८ साली ही तीन माणसांची दुपंखी फ्लाइंग बोट, म्हणजे पोटावर पाण्यात उतरणारं विमान, स्वीकारली. बांधली गेली फक्त १७. तिला ‘लॉरा’ हे नाव दोस्त राष्ट्रांनी दिलं. ६२० अश्वशक्तीचं हिरो इंजिन पंखांच्या मध्ये उंचावर आणि पंखा (प्रोपेलर) मागच्या बाजूला, त्यामुळे तिचा घाट इतर विमानांपेक्षा वेगळा दिसतो.

आधी आराखडा छापून मोजा. पंखांचा विस्तार २०१ मिमी आणि लांबी १४९ मिमी यायला हवी. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतो.

हलसाठी, म्हणजे बोटीसारख्या धडासाठी, शिवणीचं सुकं लाकूड घ्या, ते कमी वाकतं. दोन फळ्यांच्या मध्ये कागद ठेवून चिकटवा. तो सांधा म्हणजे मधली रेषा, कोरताना ती पुसू देऊ नका. खरी कसोटी पोटाखालच्या पायरीची. उड्डाणाच्या वेळी पाणी इथेच पोटापासून सुटतं, म्हणून तिची कड धारदार असते आणि पॉलिश पेपरने ती हमखास गोल होते. पायरी कोरू नका. मागचा भाग थोडा खोल तासा आणि पुढच्या भागाखाली प्लास्टिक शीट चिकटवा. पायरी कशी असते ते पाहायचं असेल तर गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात शॉर्ट सीलँडच्या पोटाखाली वाकून बघा. विमान वेगळं आहे, पण तत्त्व तेच.

दोन पंखांमधल्या खांबांची भोकं आराखड्यावरून टाचणीने टोचून मगच ०.८ मिमी ड्रिलने पाडा. खालचा पंख पक्का झाल्यावर वरचा पंख पुठ्ठ्याच्या साच्यावर टेकवा, चारही कोपरे मोजा आणि मगच सुपरग्लूचा थेंब सोडा. एक खांब अर्धा मिलिमीटर चुकला तरी पंख पिळतो आणि पंखांमधल्या तारा सैल पडतात. दोन्ही पंख जोडण्याआधीच रंगवा. नंतर आत ब्रश पोचत नाही.

रंगकाम चवथ (गणेशचतुर्थी) उलटून हवा कोरडी झाल्यावरच. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसतं आणि लॅकर पांढरं पडतं.

पंख्याची पाती पुढे पंखा असलेल्या विमानाच्या जुन्या किटमधली वापरणार असाल तर फुगीर बाजू विमानाच्या नाकाकडे ठेवा. पंखा मागे असला तरी ही दिशा बदलत नाही. त्यामुळे आसाचं भोक पात्यांच्या दुसऱ्या बाजूने पाडावं लागेल.