धनुष्यबाणाने एल्कची शिकार : बाण किती अंतरावरून सोडावा

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकारीला बंदी आहे. कोलोरॅडो, वायोमिंग, आयडाहो, मोंटाना या अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत मात्र परवाना काढून एल्क (आकाराने बरेच मोठे हरीण), म्यूल डिअर (मोठ्या कानांचे हरीण) आणि प्राँगहॉर्न (हरणासारखा दिसणारा चपळ प्राणी) यांची धनुष्याने शिकार करता येते. तिकडे राहणाऱ्या ज्या वाचकांना हा परवाना काढायचा असेल, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

बाणाचे धारदार पाते दोन्ही फुप्फुसांतून गेले, तर रक्तस्रावामुळे प्राणी थोड्याच वेळात कोसळतो. तेच पाते पोटात घुसले, तर तो तासन्‌तास यातना भोगतो आणि पुष्कळदा शिकाऱ्याच्या हातीही लागत नाही. त्यामुळे बाण कुठवर पोहोचतो, याला येथे महत्त्व नाही. तो मर्मस्थानी खात्रीने कुठवर लागतो, तेवढीच आपली मर्यादा.

ही मर्यादा सरावातूनच ठरवावी. सुमारे आठ इंच व्यासाची कागदी ताटली लक्ष्य म्हणून लावावी, कारण प्राँगहॉर्नचे मर्मस्थान साधारण तेवढेच असते. म्यूल डिअरचे किंचित मोठे आणि एल्कचे बरेच मोठे असले, तरी कसोटी लहान लक्ष्यावरच घ्यावी. पाठीवर पिशवी, अंगात शिकारीचे जाकीट आणि बाणाला शिकारीचेच पाते असावे. चढण चढून दम लागलेला असताना, गुडघ्यावर बसून, उतारावर उभे राहून बाण सोडून पाहावेत. सर्वांत महत्त्वाचा तो सकाळचा पहिला बाण, कारण डोंगरात हात सैल करून घ्यायला दुसरा बाण मिळत नाही. असे पहिले बाण ज्या अंतरावर सलग अनेक दिवस ताटलीतच लागतात, ते आपले अंतर. एक जरी बाहेर गेला, तरी दहा यार्ड (एक यार्ड म्हणजे तीन फूट) लक्ष्याकडे सरकून पुन्हा सुरुवात करावी. मैदानात निवांत उभे राहून 80 यार्डांवर जमलेला नेम या हिशेबात मुळीच धरू नये.

नेम पक्का असला तरी बाणाला लागणारा वेळ आपल्या हाती नसतो. सेकंदाला 270 फूट वेगाने सुटलेला बाण 40 यार्ड जायला सुमारे 0.45 सेकंद घेतो आणि 60 यार्डांसाठी 0.67 सेकंद. तेवढ्या अवधीत सावकाश चरत निघालेला एल्कदेखील सहज दोन-तीन फूट पुढे जातो, म्हणजे फुप्फुसांवर धरलेला नेम पोटावर येतो. शिवाय दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी पोहोचतो. प्राँगहॉर्न किंवा बिचकलेला म्यूल डिअर तो ऐकताच दचकून जागा सोडतो. मान वर करून, कान आपल्याकडे रोखून उभ्या असलेल्या प्राण्यावर, अंतर मर्यादेत असले तरी, बाण सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतर डोळ्यांनी ठोकताळ्याने ठरवू नये. याच वेगाच्या बाणाला 60 यार्डांवर पाच यार्डांची चूक जवळजवळ आठ इंच खाली नेते, तर 30 यार्डांवर तीच चूक चार इंचांच्या आसपास राहते. म्हणून रेंजफाइंडर (अंतर मोजणारे उपकरण) वापरावा, आणि तोही उताराचा कोन मोजणारा असावा : 30 अंशांच्या उतारावर 40 यार्ड दिसणाऱ्या लक्ष्यासाठी नेम साधारण 35 यार्डांचा धरावा लागतो.

सरावात ठरलेली मर्यादा ही वरची सीमा आहे. आडवा वारा असेल, उजेड मावळत असेल किंवा छाती धडधडत असेल, तर ती जागेवरच कमी करावी. प्राणी पूर्ण आडवा किंवा पाठमोरा तिरका उभा असेल तेव्हाच बाण सोडावा. एल्क समोर तोंड करून उभा राहिला, तर तो वळेपर्यंत थांबावे. हात थकू लागले, तर बाण न सोडता दोरीचा ताण सावकाश उतरवावा आणि वाऱ्याची दिशा सांभाळत अधिक जवळ जाण्याचा प्रयत्न करावा.