ट्यूनिंग बॉक्स लावल्यावर गाडी लिम्प मोडला जायची, ते असं सुटलं

डिझेल गाडीला रेल (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी जास्त दाबाची नळी) प्रेशर सेन्सरवर लागणारा ट्यूनिंग बॉक्स बसवलाय, पिकअप मस्त वाढला पण चढावर टॉप गिअरमध्ये जोरात दाबलं की चेक इंजिन लाइट आणि गाडी एकदम मेल्यासारखी (हाच लिम्प मोड, इंजिन वाचवायला ताकद कमी केली जाते). बंद करून चालू केली की परत ठीक. स्कॅनरवर कोड आला पी ००८७, म्हणजे रेल प्रेशर कमी.

आता गंमत बघा, हा बॉक्स मुळात करतो काय तर सेन्सरचं व्होल्टेज थोडं कमी करून ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) दाखवतो, ईसीयूला वाटतं प्रेशर कमी आहे म्हणून तो वाढवतो, आणि इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहिला तरी डिझेल जास्त जातं. म्हणजे स्कॅनरवरचा आकडासुद्धा खराच असेल असं नाही! म्हणून आधी बॉक्स काढून बायपास प्लग (सेन्सर थेट जोडणारा) लावला, तसाच चढ तसाच लोड, कोड नाही. मग सेटिंग एक पायरी खाली आणलं तरी अधूनमधून यायचाच.

शेवटी डिझेल फिल्टर बदलला, जुना काळाकुट्ट निघाला. स्टॉकवर, म्हणजे बॉक्सशिवाय, तो कसाबसा पुरत होता, बॉक्सने मागणी वाढवली की फुल लोडला पंपाला डिझेलच पुरेना. नवीन टाकून एअर काढली, कोड गेला.

सेटिंग मात्र खालचंच ठेवलंय, वरच्या सेटिंगवर काळा धूर येतो आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत तो सगळा तिथेच साचतो. आणि हो, वॉरंटीतल्या गाडीला लावण्याआधी अटी वाचा.