दिवाळीनंतरची फुलपाखरं: सोलापूरच्या अंगणात फोटो कसे काढावेत

पाऊस सरला की फुलपाखरंही गेली, असं बरेच जण धरून चालतात. सोलापुरात मला मात्र दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेपर्यंतचा काळ फोटोंसाठी जास्त आवडतो. माळरान वाळत जातं आणि जी काही फुलपाखरं उरतात, ती पाणी घातलेल्या बागेतल्या फुलांवर येतात.

आधी एकच झाड निवडा. झेंडू, घाणेरी, सदाफुली, काहीही चालेल. मागे भिंत चिकटून नको. चार-पाच फूट मोकळी जागा असली की पार्श्वभूमी आपोआप धूसर होते. कुंडी असेल तर सरळ उचलून पुढे आणा.

मग वेळ. फुलपाखराला अंगातली ऊब उन्हातूनच मिळते. म्हणून थंडीत सकाळी नऊच्या सुमारास ती पंख पसरून ऊन खात बसतात, लगेच उडत नाहीत. हाच तुमचा तास. खाली बसून हळूहळू सरका आणि आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. सावली पडली की गेलंच ते!

आता सगळ्यात महत्त्वाचं: कॅमेरा पंखांना समांतर धरा. पंख पसरलेले असतील तर वरून, मिटलेले असतील तर अगदी बाजूने. तिरका धरलात तर पंखाचा अर्धाच भाग स्पष्ट येतो. हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराची पिवळी-लाल नक्षी पंखांच्या खालच्या बाजूला असते, त्यामुळे त्याचा फोटो पंख मिटल्यावर बाजूनेच घ्यावा. फोकस डोळ्यावर. कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर (भिंगाच्या छिद्राचं माप) एफ ८ आणि शटरचा वेग १/५०० सेकंद इथपासून सुरुवात करा. मोबाइलवर फार झूम करू नका. त्यापेक्षा दोन पावलं जवळ जा आणि एकामागून एक भराभर फोटो घ्या.

फुलपाखराला हाताने धरून फुलावर बसवू नका. पंखांवरचे खवले निघाले की पुन्हा येत नाहीत.

या दिवसांत बरेच पंख फाटलेले दिसतील. ते फोटो पुसून टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. डाव्या-उजव्या पंखातून सारखाच तुकडा गेला असेल, तर बहुधा पंख मिटलेले असताना पक्ष्याने चोच मारलेली असते. अशा फुलपाखराचे दोन फोटो घ्या, एक पंख मिटलेला आणि एक पसरलेला. शेजारी शेजारी ठेवलेत की चोचीची खूण जुळते.