इंधनखर्च कमी करायचाय? अ‍ॅव्हरेजच्या हिशेबातल्या या चुका टाळा

गाडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: अ‍ॅव्हरेज किती देते? प्रश्न रास्त आहे, पण पैसे आपण लिटरचे मोजतो. म्हणून खरं विचारायला हवं ते हे, की माझ्या रोजच्या रस्त्यावर ही गाडी महिन्याला किती लिटर पिणार? दोन्ही प्रश्न एकच वाटतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

समजा, महिन्याचं फिरणं १,००० किलोमीटर आहे. एका घरातली जुनी, जड गाडी लिटरला १० देते. ती बदलून १२ देणारी घेतली. दुसऱ्या घरात २० देणारी विकून ३० देणारी आणली. दुसऱ्यांनी मोठीच बाजी मारली असं कुणालाही वाटेल. आता लिटर मोजा. पहिल्या घरात १००चे ८३ झाले, दुसऱ्या घरात ५०चे ३३. बचत दोन्हीकडे सारखीच, १७ लिटरच्या आसपास. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमका हाच गैरसमज मांडला होता. युरोपातल्या बहुतेक देशांत ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असं मोजतात, त्यात ही फसगत होत नाही. घरात दोन गाड्या असतील तर आधी जास्त पिणाऱ्या गाडीकडे बघा. बदलायची तर ती, आणि बदलणं परवडत नसेल तर कमी बाहेर काढायचीही तीच.

लिटर, किलो आणि युनिटची गल्लत

सीएनजी किलोवर मिळतो. एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या साधारण दीडपट ऊर्जा असते, त्यामुळे सीएनजीचं अ‍ॅव्हरेज जास्त दिसणारच. तुलना करायची ती किलोमीटरमागे पडणाऱ्या पैशांची. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचंही तसंच आहे. त्यात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के इथेनॉल असलेल्या एका लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी भरते. मिश्रण बदलल्यावर अ‍ॅव्हरेज थोडं उतरलं तर लगेच इंजिन उघडायला देऊ नका.

इलेक्ट्रिक गाडी घेताना बहुतेक जण घरच्या विजेच्या दराने हिशेब मांडतात. घरी चार्जिंगची सोय आहे का, हे आधी पक्कं करा. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून राहावं लागलं तर सगळं गणित बदलतं. शिवाय मीटरवर पडणारी सगळी युनिटं बॅटरीत पोहोचत नाहीत, काही वाटेतच उष्णता होऊन जातात.

कंपनीने दिलेला अ‍ॅव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेत, ठरवून दिलेल्या वेगाने गाडी चालवून काढलेला असतो. दोन गाड्या शेजारी ठेवून बघायला तो उपयोगी आहे, पण महिन्याचा खर्च त्यावर बांधू नका.

गाडी चांगली, पण रस्ता वेगळा

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. डिझेल गाडी किफायती, असं ऐकून घेतली आणि रोजचं ऑफिस चार किलोमीटरवर. आधुनिक डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर सलग काही वेळ गाडी पळायला हवी. चार किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतही नाही. फिल्टर तुंबत जातो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि वाचवलेलं डिझेल फिल्टरच्या दुरुस्तीत जातं. रोजचा पल्ला लांबचा आणि मोकळा असेल तरच डिझेलचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हायब्रिडचं, म्हणजे इंजिनासोबत बॅटरी आणि मोटरही असलेल्या गाडीचं, उलटं. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते, म्हणून तिचा खरा फायदा सिग्नल आणि कोंडीच्या रस्त्यावर दिसतो. हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकच लागत नाही, मग साठवणार काय? तिथे हा फायदा बराच आटतो.

आणि चालती गाडी निव्वळ अ‍ॅव्हरेजसाठी विकायला निघाला असाल तर जरा थांबा. महिन्याला ५०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ६,०००. लिटरला १५ देणारी गाडी ४०० लिटर पिते, २० देणारी ३००. फरक वर्षाला १०० लिटरचा. तेवढ्या इंधनाची किंमत एका बाजूला लिहा, दुसऱ्या बाजूला गाडी बदलताना वरून घालायचे पैसे, व्याज आणि वाढीव विमा. किती वर्षांत भरपाई होते ते कागदावरच दिसेल. कमी फिरणाऱ्यांच्या बाबतीत हे उत्तर बहुधा ‘आहे तीच ठेवा’ असंच येतं.

त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहून बघा. आठवड्यात पाच दिवस कामावर जात असाल आणि त्यातला एक दिवस घरून काम, बस किंवा सहकाऱ्याच्या गाडीने भागवला, तर जाण्यायेण्याचं इंधन थेट २० टक्क्यांनी घटतं. २५ टक्के जास्त अ‍ॅव्हरेजची गाडी घेऊनही नेमकी एवढीच बचत होते.

चालवताना

उतारावर न्यूट्रल करणं सोडा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच, आणि गिअरमधलं इंजिन गाडीला जो आवर घालतं, तोही हातचा जातो. वेगाचं म्हणाल तर ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो, आणि ४० किलोमीटरच्या अंतरात वाचतात फक्त सहा मिनिटं. टपावरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवा. अ‍ॅव्हरेज वाढवणारी चुंबकं आणि यंत्रं घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी १००हून अधिक उपकरणं तपासली, लक्षणीय फरक पाडणारं एकही सापडलं नाही.

अ‍ॅव्हरेज अचानक पडलं तर

आधी खरंच पडलंय का ते बघा. टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. निम्म्याहून जास्त टाकी वापरून झाली की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा. एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी धरा.

मग टायरमधली हवा, तीही गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तिकेत असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरू नका.

हवा ठीक असेल तर फार ब्रेक न लावता काही अंतर चालवून या आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, हात लावू नका. एकाच चाकाकडून जास्त धग येत असेल तर तो ब्रेक चिकटतोय. दुचाकीला मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा. जड फिरलं तर ब्रेक आवळलेला आहे किंवा चेन फार ताणलेली, कोरडी आहे. गाडीचा टेम्परेचरचा काटा पूर्वीइतका वर येत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड करणारं पाणी अडवून धरणारी झडप, उघडी अडकली असण्याची शक्यता आहे. तसं झालं की इंजिन थंडच समजून जास्त इंधन घेत राहतं. एअर फिल्टरला मात्र लगेच दोष देऊ नका. तो तुंबला की इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पिकअप मार खातं, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत होतो.

इंजिनचा दिवा लागलेला असेल तर मेकॅनिकला आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचायला सांगा, आणि कोड कळेपर्यंत एकही पार्ट बदलू देऊ नका.